एकवीस साहेब आणि एक अर्ज

फ्लेक्सचा धंदा करणाऱ्या माणसाला वाटतं, आपल्याला जगातलं सगळं कळतं. मला तरी वाटायचं. कोल्हापुरात वीस वर्षं मी फ्लेक्स करतोय. वाढदिवस, निवड, फेरनिवड, बिनविरोध निवड, बैलाचा वाढदिवस, म्हशीनं पहिला नंबर काढला म्हणून तिच्या मालकाचं अभिनंदन. एकदा तर परदेशातून परतलेल्या एका साहेबांचं चौकात जंगी स्वागत छापलं, ते आठ दिवस फिरायला गेले होते. कुणाचा फोटो केवढा, कुणाच्या शेजारी कोण, कुणाच्या डोक्यावर कोण येता कामा नये, ही विद्या कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. एका साहेबांचा फोटो दुसऱ्यापेक्षा दोन बोटं लहान झाला, तेव्हा कार्यकर्ते दुकानात पट्टी घेऊन आले आणि मोजून गेले. मग मी अख्ख्या संचालक मंडळाचे फोटो गोलात लावायला लागलो. गोलात पहिला कोण आणि शेवटचा कोण, सांगा बघू! भांडणच मिटलं. ही युक्ती माझी. पुढं सगळ्या दुकानांनी उचलली, नाव कुणी घेत नाही ते सोडा.

असाच एका सहकारी संस्थेचा फ्लेक्स द्यायला गेलो होतो. संस्था मोठी. दूध, पशुखाद्य, एक शाळा, जनावरांचा दवाखाना आणि एकवीस संचालक. चेअरमन म्हणाले, "फ्लेक्स करतोयस, तर आमची वेबसाइट बी तूच कर की. दोन्हीत फरक काय? हे वाऱ्यानं फाटतंय, ते फाटत न्हाय."

मला पटलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिकलो आणि केली वेबसाइट. वर एकवीस साहेब गोलात, खाली भगव्या-पिवळ्या रंगात मजकूर. मजकूर कसला, चित्रच ते. सूचना आली की मी तिचा फ्लेक्स बनवायचो आणि त्याचं चित्र वेबसाइटवर चिकटवायचो. सभेची सूचना, दुधाचा दर, लसीकरणाची तारीख, सगळी चित्रं. साधी अक्षरं टाइप करून टाकणं मला कमीपणाचं वाटायचं. बघणारा म्हणायचा, नाद खुळा! मीही कॉलर ताठ करून फिरायचो.

मग वरून, सहकार खात्याचं, एक पत्र आलं. वेबसाइट दिव्यांगांना वापरता आली पाहिजे, काय केलं ते कळवा. संचालक मंडळाच्या बैठकीत मला बोलावलं. पत्र दोनदा वाचून झालं. एक संचालक म्हणाले, "आपल्या हापिसाला उतार केलाय की. त्येचा फोटो टाका." दुसरे म्हणाले, आंधळ्यांसाठी रंग जरा भडक करा. तिसऱ्यांनी विचारलं, आपल्या सभासदांत असली माणसं हैत तरी किती? कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे फारशी नसावीत असं ठरलं. शेवटी चेअरमननी निकाल दिला, "कोपऱ्यात ते चाकाच्या खुर्चीचं चित्र लाव. बास की."

लावलं. निळं, गोल, झकास. त्यावर दाबलं की अक्षरं मोठी होतील असंही केलं, पण माझी अक्षरं मुळात चित्रातली, त्यामुळे ती काही मोठी झाली नाहीत. तरी 'पूर्तता केली' असं पत्र वर गेलं. वर 'दिव्यांगस्नेही संकेतस्थळाबद्दल संचालक मंडळाचे हार्दिक अभिनंदन' असा दहा बाय पंधराचा फ्लेक्सही मीच छापला.

त्यानंतर महिन्याभरानं संस्थेत भरती निघाली. जाहिरातीत एक जागा अंध व्यक्तीसाठी राखीव होती, सभासदांचे फोन घ्यायची. अर्ज फक्त वेबसाइटवरून. मुदत तीन आठवडे, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. जाहिरात लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात फोन वाजला.

"दादा, वेबसाइटच्या खाली तुमचा नंबर हाय म्हणून फोन केलो. फॉर्म तुम्हीच केलाय न्हवं?"

बाईंचा आवाज. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, तशाच ठसक्यात. मी म्हटलं, "व्हय, मीच. काय अडचण?"

"मी उद्या दुकानात येतो. फोनवर सांगून तुम्हाला कळायचं न्हाय."

कागलजवळच्या गावातून त्या एसटीनं आल्या. हातात पांढरी काठी, खांद्याला पिशवी, चाळिशी पार केलेल्या. मी खुर्ची पुढं केली आणि 'दिव्यांग भगिनी' असं काहीतरी फ्लेक्सवरचंच बोलायला लागलो. त्यांनी मधेच तोडलं. "आंधळी म्हणा की. दिव्यांग म्हटल्यानं दिसायला लागत न्हाय." पुढं त्यांना ताईच म्हणायला लागलो.

ताई पदवीधर. एका खासगी दवाखान्यात बारा वर्षं फोन घ्यायचं काम करत होत्या, पण बदली म्हणून. तिथली बाई रजेवर गेली की यांना बोलवायचे, ती आली की घरी. "दुसऱ्याच्या रजेवर जगलो दादा इतकी वर्षं," त्या म्हणाल्या. "आता एक खुर्ची माझ्या नावावर पायजे. आणि ही शेवटची संधी हाय. पुढच्या महिन्यात माझं वय संपतंय. मग कुठलाच फॉर्म न्हाय."

मी म्हटलं, त्यात काय ताई, सांगा, मी भरतो तुमचा फॉर्म, पाच मिनिटांत. वाटलं, किती चांगला माणूस आहे मी!

त्यांचा चेहराच बदलला. "मागं एकदा भावानं भरलावता. अपंगत्व हाय का, तिथं त्येनं 'न्हाय' केलं. घरात कुणी तसं बोलत न्हाय न्हवं, त्याला वाटलं बरं दिसंल. राखीव जागा गेली. आणि तुमच्या फॉर्मात खाली लिहिलंय, हा अर्ज मी स्वतः भरला आहे. मला येतंय भरायला. खोटं कशाला लिहू? दार तुम्ही लावून घेतलंय, ते उघडा. मला उचलून आत न्यायला नगो."

मग त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला आणि माझी वेबसाइट मला ऐकवली. त्यांचा फोन बोलायचा. बोट फिरवेल तिथं काय आहे ते वाचून सांगायचा. आणि माझ्या वेबसाइटवर तो काय म्हणत होता? "चित्र. चित्र. चित्र. नाव नसलेलं बटण. चित्र." एकवीस साहेब, दुधाचा दर, लसीकरणाची तारीख, सगळं एकच. फॉर्म उघडला तर, "चौकट. चौकट. चौकट."

"कुठल्या चौकटीत नाव आणि कुठल्या चौकटीत जात, मी काय वासानं वळखू?"

शेवटी ती वाकडीतिकडी अक्षरं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करायला बघून लिहायची असतात ती. फोन म्हणाला, "चित्र." म्हणजे माझ्या हिशेबानं ही बाई माणूस नव्हतीच. मला लाज वाटली, खरं सांगतो. वीस वर्षांत पट्टीनं मोजून घेतानाही वाटली नव्हती एवढी.

ताईंनीच सगळं शिकवलं. चौकटीला नाव द्यायचं. तारीख कॅलेंडरवर टोचायला लावायची नाही, लिहू द्यायची. वाकड्या अक्षरांच्या जागी साधी बेरीज विचारायची. आणि चित्राच्या मागं लिहायची एक जागा असते, डोळ्यांना दिसत नाही पण फोन वाचतो, तिथं चित्रात काय आहे ते लिहायचं. "थोडक्यात," असं त्या दोनदा म्हणाल्या.

चार दिवस घासलो. दुसरी वेबसाइट तयार केली, माझ्या कॉम्प्युटरवरच, अजून वर चढवली नव्हती. फॉर्म एकदम चकाचक झाला. डोळे बांधून मी स्वतः भरून बघितला. मग साहेबांच्या फोटोंकडं वळलो. चित्राच्या मागं लिहायचंय म्हटल्यावर हाताला वीस वर्षांची सवय. लिहिलं, 'सहकाराचे आधारवड, दीनदुबळ्यांचे कैवारी, तरुणांचे प्रेरणास्थान, हसतमुख व्यक्तिमत्त्व, माननीय चेअरमनसाहेब.' एकाला असं लिहिलं तर दुसऱ्याला कमी लिहून चालतंय होय? एकवीसच्या एकवीस जणांना ओळीनं कैवारी आणि प्रेरणास्थान करून टाकलं. ही पट्टी प्रत्येक पानाच्या वर.

ताई पुन्हा आल्या, माझ्या कॉम्प्युटरला फोन जोडून ऐकायला बसल्या. आधारवड झाले, कैवारी झाले. मी चहा सांगितला, चहा आला, पिऊन झाला, आणि फोन अजून नवव्या संचालकांच्या लोकप्रियतेवर होता.

"दादा, हे सगळेच हसतमुख हैत व्हय?"

"फोटोत हैत."

हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, बोट सरकवत गेलं की एकेक साहेब ओलांडता येतो, पण प्रत्येक पानावर एकवीस वेळा सरकवायचं, कमी करा की. मी म्हटलं करतो. मग फॉर्म भरून बघितला. दोन पानांचा फॉर्म, फोन एकेक चौकटीचं नाव घेतोय, ताईंची बोटं झरझर चालताहेत. घड्याळ लावलं होतं, चार मिनिटं. कुणाला काही न विचारता.

"हे आज लावा दादा," त्या म्हणाल्या.

"आज लावतो," मी म्हटलं.

आणि तिथंच माती खाल्ली. गप चढवायचं आणि मोकळं व्हायचं, तर मला शाबासकी पाहिजे होती. तसाच लॅपटॉप घेऊन संस्थेत गेलो. चेअरमनना म्हटलं, "साहेब, आता आंधळ्या माणसालाबी तुमचा फोटो ऐकू येतोय." माझा फोन जोडून वाचायला लावला. आधारवड, कैवारी, प्रेरणास्थान. चेअरमननी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा ऐकलं. म्हणाले, "जगात भारी! उद्याच्या बैठकीत सगळ्यांना ऐकवू."

ऐकवलं. चेअरमन झाले, व्हाइस चेअरमन झाले, तोवर सगळे खूश. मग चौदाव्या नंबरला ज्यांचं नाव आलं ते संचालक उठले. दुसऱ्या गटाचे. "मी चौदावा? कुणी ठरवलं?"

गोलात फोटो लावून मी जे भांडण इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं, ते बाहेर आलं. डोळ्यांना एकवीस जण एकदम दिसतात. कानाला एकामागून एकच ऐकू येतो, त्याला मी तरी काय करणार? कुणी म्हणालं, वयानं लावा. तरुण संचालक खवळले. कुणी म्हणालं, मतांनी लावा. मग गेल्या निवडणुकीचा सगळा हिशेब निघाला आणि एकजण पाणी प्यायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. आडनावाच्या क्रमानं लावा म्हटलं तर चेअरमनांचा नंबर अठरावा येत होता, त्यामुळे तो विषय लगेच मिटला. शेवटी चेअरमन माझ्याकडं बोट करून म्हणाले, "क्रम ठरंस्तोवर नवीन एक अक्षर बी वर जायचं न्हाय. गेलं तर पुन्हा या दारात पाऊल टाकू नगोस."

भरतीचा एक आठवडा गेला होता. दोन राहिले होते.

ताईंचा फोन रोज सकाळी दहाला यायचा. "लागलं का दादा?" मी म्हणायचो, "उद्या." पहिल्यांदा खरंच वाटायचं, उद्या ठरेल. क्रम ठरवायला उपसमिती नेमली. उपसमितीत कोण असावं यावर दोन बैठका झाल्या. इकडं जुन्या वेबसाइटवर बाकीच्या जागांना ढिगानं अर्ज पडत होते, दिसणाऱ्यांना काय अडचण! क्रमाचं भांडण कानावर गेल्यावर ताई म्हणाल्या, "साहेबांच्या नावांचं राहू द्या. फॉर्म तेवढा लावा की. तो तर तयार हाय."

तयार होता. एक टिचकी मारायची खोटी. कुणाला कळलंही नसतं, संचालकांपैकी कोण फॉर्म उघडून बघणार होतं? पण संस्थेचे वर्षाचे फ्लेक्स माझ्या डोळ्यांपुढं यायचे. वार्षिक सभा, एकवीस वाढदिवस, दिवाळीच्या शुभेच्छा. टिचकी मारली नाही. म्हटलं, "तांत्रिक अडचण हाय ताई. उद्या नक्की."

तोड शेवटी मीच काढली. उपसमितीसकट सगळ्या संचालक मंडळापुढं जाऊन सांगितलं, नावं फिरती ठेवू. पान उघडेल तसं दर वेळी वेगळे साहेब पहिले. आज तुम्ही, मग हे, मग ते. कुणीच कायमचा पहिला नाही आणि कुणीच कायमचा शेवटचा नाही. एकवीस जणांनी बाकं वाजवली. चेअरमननी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली आणि लगेच शुभारंभाचा दिवस काढला. भटजींना विचारून, पाहुण्यांच्या सोयीनं, हॉल मोकळा बघून. तो निघाला अर्ज भरायचा शेवटचा दिवस. कार्यक्रम दुपारी तीनला.

"त्या आंधळ्या बाईंच्या हस्तेच कळ दाबू," चेअरमन म्हणाले. "पेपरात चांगलं दिसंल."

ताईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "तीनला दाबली तर पाचपर्यंत मला दोन तास मिळतात. मला चारच मिनिटं लागतात. येतो."

हॉल भरला होता. व्यासपीठावर एकवीस साहेब, सगळ्यांना फेटे. ताईंनाही फेटा बांधला, गळ्यात हार घातला, मधल्या खुर्चीत बसवलं. मी त्यांच्या खुर्चीजवळ लॅपटॉप घेऊन उभा. साडेतीनला दीपप्रज्वलन झालं. मग स्वागत, मग प्रास्ताविक. मग निवेदकानं जाहीर केलं की नावांचा क्रम फिरता असल्यामुळं भाषणांतही कुणावर अन्याय होणार नाही, प्रत्येक संचालक दोन शब्द बोलतील. दोन शब्द! अंधांच्या समस्यांवर एकेकानं असं बोलायला सुरुवात केली, की शेजारी बसलेल्या बाईला एक प्रश्न विचारावा असं एकालाही सुचलं नाही. एकजण तर म्हणाले, या भगिनीला डोळे नाहीत पण आमच्या संस्थेनं तिला दृष्टी दिली. टाळ्या.

सव्वाचारला ताई माझ्या दिशेनं वाकून हळूच म्हणाल्या, "दादा, वर लागलं का?"

"कळ दाबली की लागतंय."

"मग आत्ताच लावा की. कुणाला कळतंय."

मी चेअरमनांकडं बघितलं. ते फेटा सावरत होते. मी म्हटलं, "थोडंच राहिलंय ताई." राहिले होते अजून बारा वक्ते.

पाचला बारा मिनिटं कमी असताना चेअरमननी ताईंचा हात धरून तो लाल बटणावर ठेवला. हात धरायची काही गरज नव्हती, पण फोटोग्राफरनं सांगितलं. त्यांनी दाबलं. वेबसाइट वर गेली, फटाके वाजले. एकवीस जणांचा सामुदायिक फोटो, मग गटागटानं फोटो. ताई उठून उभ्या राहिल्या आणि सरळ माइकच्या दिशेनं म्हणाल्या, "मला माझा अर्ज भरायचाय. पाचला बंद होतंय."

निवेदक हुशार. म्हणाला, "वा! मॅडम आता आपल्यासमोर प्रत्यक्ष अर्ज भरून दाखवणार आहेत!" आणि माइक नेऊन त्यांच्या मोबाइलला लावला.

अख्ख्या हॉलमध्ये आवाज घुमला. "सहकाराचे आधारवड, दीनदुबळ्यांचे कैवारी..." पहिल्या फेऱ्यात नेमकं चेअरमनांचं नाव पहिलं आलं. शिट्ट्या, टाळ्या. ताईंनी बोट सरकवलं, दुसरे साहेब. त्यांच्या माणसांच्या टाळ्या. ताई भराभर सरकवायला लागल्या तसा मागून आवाज आला, "ओ मॅडम, आमच्या साहेबांचं पुरं ऐकू द्या की! मधीच तोडलासा!" निवेदकही म्हणाला, सगळ्यांचा मान राखू या. ताईंचं बोट थांबलं. भर सभेत त्या बाईनं एकवीस साहेबांचा मान राखला. सात मिनिटं राहिली होती, सहा झाली, पाच झाली.

मग फॉर्म आला. नाव. पत्ता. जन्मतारीख. शिक्षण. फोन स्पष्ट विचारत होता, ताई स्पष्ट उत्तर देत होत्या. हॉल पहिल्यांदा गप्प झाला होता. पुढच्या बाकावरच्या बायका पुढं झुकल्या होत्या. अपंगत्व आहे का? आहे. पहिलं पान संपलं. तीन मिनिटं उरली होती. म्हटलं, जमलं! जमलं!

दुसरं पान उघडलं, वर पुन्हा तीच पट्टी, आणि माझ्या युक्तीप्रमाणं क्रम फिरला. पहिलं नाव आलं चौदावाल्या साहेबांचं. त्यांच्या गटानं हॉल डोक्यावर घेतला. चेअरमनांचा चेहरा लाल झाला.

"माझं नाव कुठं गेलं?"

मी म्हटलं, "साहेब, फिरतं हाय न्हवं, आपणच मंजूर..."

"बैठकीत मंजूर केलं, भर सभेत न्हाय! मागं घे. आधीचं लाव."

"साहेब, दोन मिनिटं. त्यांचा फॉर्म..."

"आधी मागं घे म्हणतो न्हवं!"

चेअरमनांचा एक माणूस पुढं झाला, त्यानं ताईंच्या हातातून मोबाइल घेतला आणि 'मागं' दाबलं. ताईंचे दोन्ही हात तसेच पुढं राहिले, रिकामे. मागं गेल्यावर भरलेलं सगळं पुसलं जातं, हे मला ठाऊक होतं. ते दुरुस्त करायचं राहून गेलं होतं, कारण शेवटचे चार दिवस मी नावं फिरती करण्यात घालवले होते. माणसानं मोबाइल परत दिला. चेअरमनांचं नाव पहिलं लागलं, शिट्ट्या झाल्या. ताई पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागल्या. नाव. पत्ता. जन्मतारीख. आणि लाउडस्पीकरवर फोन म्हणाला, "अर्ज करण्याची मुदत संपलेली आहे."

किती सुरेख वाचलं ते! साधी टाइप केलेली ओळ. ना आधारवड, ना कैवारी.

ताई चेअरमनांकडं वळल्या. "साहेब, पाच मिनिटं वाढवून द्या. सगळ्यांनी बघितलंय, मी भरत होतो."

चेअरमन हात जोडून म्हणाले, "मॅडम, नियम म्हणजे नियम. कॉम्प्युटरनं बंद केलं, आमच्या हातात काय न्हाय." आणि राष्ट्रगीतासाठी सगळे उभे राहिले. राष्ट्रगीतानंतर मी ताईंना एसटीपर्यंत सोडायला गेलो.

पंधरा दिवसांनी संस्थेनं एक सूचना लावायला दिली. अंध व्यक्तींसाठी राखीव असलेल्या जागेकरिता एकही अर्ज प्राप्त न झाल्यानं ती जागा खुल्या प्रवर्गातून भरण्यात येत आहे. खाली निवड झालेल्याचं नाव. व्हाइस चेअरमनांचा मेहुणा. मी ती सूचना वेबसाइटवर लावली. या खेपेला चित्र केलं नाही, साधी अक्षरं टाइप केली, शीर्षक नीट दिलं, शिकवल्याप्रमाणं. का ते मला सांगता येत नाही. निदान एवढं तरी नीट करावं असं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला.

"दादा, वाचली सूचना. अगदी नीट वाचता आली. चांगलं काम केलंसा." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. "एकच विचारायचं होतं. पाचला ते बंद झालं, ते कोण करतंय? कुणाला पुन्हा उघडता येत होतं का?"

ती वेळ मीच घातली होती. लॅपटॉप माझ्या हातात होता, व्यासपीठावर, त्यांच्यापासून दोन हातांवर. पाचाचे सहा करायला दोन सेकंद लागले असते.

"न्हाय ताई," मी म्हटलं. "ते मशीनच करतंय. आमच्या हातात नसतंय."

बारा वर्षं फोनवर माणसं ओळखलेली बाई ती.

"रोज सकाळी 'उद्या' म्हणायचा न्हवं दादा," त्या म्हणाल्या, "तवा बी तुमचा आवाज असाच यायचा." आणि फोन ठेवला.